माझी साइट जँगो आणि रिअ‍ॅक्टवर आहे, गूगलमध्ये दिसत नाही. एसईओ पॅकेज घेऊ की नेक्स्ट जेएसमध्ये पुन्हा लिहून घेऊ?

पॅकेज घेऊ नका. पुन्हा लिहायचं का ते पुढे सांगते. (नवख्यांसाठी: जँगो सर्व्हरवर चालतं, रिअ‍ॅक्ट ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने पान उभं करतं, नेक्स्ट जेएस रिअ‍ॅक्टचीच पानं सर्व्हरवर तयार करून देतं, आणि एसईओ म्हणजे गूगलमध्ये वर दिसण्यासाठीची खटपट.) आधी पॅकेजबद्दल, कारण तो शब्द ऐकला की माझं डोकं अजून तापतं.

अंधेरीच्या एका एजन्सीत मी बॅकएंड, म्हणजे सर्व्हरची बाजू, बघायचे. दादर स्टेशनजवळच्या एका साडीच्या दुकानाची साइट नव्याने करायला आमच्याकडे आली. जुनी साइट पीएचपीची, दिसायला गबाळी, पत्ते ‘प्रॉडक्ट डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, आयडी इज इक्वल टू ३१२’ अशा थाटाचे. पण पैठणीच्या एखाद्या प्रकाराचं नाव टाकलं की ती वर यायची. (पत्त्यात प्रश्नचिन्ह असलं की गूगल वाचत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे अजून भेटतात. वाचतं. नीट वाचतं.) आमच्या टीम लीडनी ती रिअ‍ॅक्टमध्ये घेतली, डेटा जँगोच्या एपीआयवरून. म्हणजे सर्व्हर रिकामं पान पाठवणार आणि ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट एपीआयच्या पत्त्यावरून साड्यांची माहिती आणून ते भरणार. साइट चकचकीत झाली, मालक काकांनाही आवडली. लग्नसराईच्या तोंडावर लाइव्ह गेली आणि गूगलवरून येणारं गिऱ्हाईक बघता बघता आटलं. दुकानाचं नाव टाकलं तर यायचं, साडीचं टाकलं तर नाही.

निदान साड्यांची पानं तरी सर्व्हरवरूनच भरून पाठवू, असं मी आधीच म्हटलं होतं. त्यावर लीड सगळ्यांसमोर म्हणाले, “अगं, गूगलबॉट आता क्रोमच चालवतो. तू अजून २०१५मध्येच आहेस.” (गूगलबॉट म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम.) मीटिंगमध्ये हशा.

त्यांचं वाक्य चूक नव्हतं, तेच तर दुखणं आहे. २००९मध्ये गूगलने जावास्क्रिप्टवाल्या साइटसाठी पत्त्यात हॅश (#) आणि उद्गारचिन्ह टाकायची एक पद्धत काढली होती, बॉटला तयार एचटीएमएल वेगळं द्यायचं. २०१५मध्ये ती मोडीत काढली, आम्हीच पान रेंडर करतो, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवून तयार करतो, म्हणून. तरी ते रेंडर बरीच वर्षं क्रोमच्या ४१व्या आवृत्तीवर अडकलेलं होतं. मे २०१९पासून ते ताज्या क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या गाभ्यावर, चालतं. म्हणजे बॉट जावास्क्रिप्ट चालवतो हे खरंच. पण चालवल्यावर त्याच्या हाती काय पडतं, हे आमच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं.

आमच्या प्रत्येक साडीचा पत्ता हॅशच्या पुढे होता. हॅशच्या पुढचं गूगल वेगळं पान म्हणून धरतच नाही, त्यामुळे शेकडो साड्या मिळून त्याच्या लेखी एकच होमपेज. ओरड झाल्यावर लीडनी पत्ते ठरवणारा राउटर बदलला, हॅश गेला. तरी काही नाही. मग मी सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) एका पैठणीचा पत्ता टाकून लाइव्ह टेस्ट चालवली. बॉटला दिसलेल्या पानाचं चित्र आलं: वर लोगो, खाली फूटर, मध्ये गरगर फिरणारं चाक. दुकानाचं शटर उघडं आणि आत फडताळं रिकामी. खालच्या यादीत आमच्या एपीआयचा पत्ता, पुढे कारण: रोबोट्स फाइलने (बॉटने कुठे जायचं नाही ते सांगणारी फाइल) अडवलं. टेस्टिंगच्या वेळी एपीआयच्या सबडोमेनवर कोणीतरी ‘सगळं बंद’ लिहून ठेवलं होतं आणि ते तसंच लाइव्ह गेलं होतं. बॉट बिचारा क्रोम चालवत होता, साड्या आणायला जात होता आणि आम्हीच त्याला दारातून परत पाठवत होतो.

एवढ्यावर संपलं नाही. सर्व्हर कुठल्याही पत्त्याला तेच रिकामं पान आणि २०० स्टेटस (‘सगळं ठीक’चा कोड) देत होता, त्यामुळे जुने पीएचपीचे पत्ते ना नव्या पानांवर जात होते ना ४०४ (‘असं पान नाही’चा कोड) देत होते. ‘सापडलं नाही’ असं पडद्यावर लिहिलेलं आणि सर्व्हर म्हणतो सगळं ठीक. गूगल याला सॉफ्ट ४०४ म्हणतं. साड्यांचे फोटो लिंक नव्हते, क्लिकवर फंक्शन चालवणारे डिव्ह, म्हणजे नुसते चौकोन, होते. बॉट क्लिक करत नाही, त्याला एचरेफ, म्हणजे पुढचा पत्ता, असलेली खरी लिंक लागते. आणि काकांच्या सुनेने व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर साडीची लिंक टाकली की दर वेळी नुसता दुकानाचा लोगो यायचा, कारण व्हॉट्सअ‍ॅपचं प्रिव्ह्यू जावास्क्रिप्ट चालवतच नाही. तिथे ‘गूगल क्रोम चालवतो’ हे सांगून काय उपयोग?

आता पॅकेज. हे सगळं समोर मांडल्यावर लीडनी काकांना दर महिन्याचं एसईओ पॅकेज विकलं. बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक), ब्लॉगचे लेख, मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये लिहिलेले शोधशब्द). मेटा कीवर्ड आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने २००९मध्येच जाहीर केलं होतं! दुरुस्ती मी केली. एपीआय उघडला, जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्यावर ३०१, म्हणजे कायमचा पत्ताबदल, लावला, साडीचं पान जँगोच्या टेम्प्लेटमधून शीर्षक, वर्णन, किंमत आणि प्रिव्ह्यूच्या टॅगसकट भरून पाठवलं, नसलेल्या पत्त्यांना खरा ४०४ दिला. रिअ‍ॅक्ट फक्त फिल्टर आणि कार्टपुरतं ठेवलं. काही आठवड्यांनी साड्या परत दिसायला लागल्या आणि काकांना गेलेल्या रिपोर्टमध्ये वाक्य होतं: एसईओ पॅकेजचा उत्तम परिणाम. काकांनी एजन्सीत पेढे पाठवले, तेही लीडच्या नावाने.

तर तुमचं. ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडा. इन्स्पेक्ट नाही, सोर्स. इन्स्पेक्टमध्ये जावास्क्रिप्ट चालून गेल्यानंतरचं दिसतं आणि तिथेच लोक फसतात. सोर्समध्ये तुमचा मजकूर असेल तर रोग दुसरा आहे, नेक्स्टने तो बरा होणार नाही. नसेल तर सर्च कन्सोलची लाइव्ह टेस्ट बघा. जँगो तुमच्याकडे आहेच, त्याला पान भरून पाठवता येतं, त्याचा तो जन्मापासूनचा धंदा आहे. सगळं नेक्स्टमध्ये लिहून घ्यायला सांगणारा बहुतेक वेळा स्वतःची सोय बघत असतो.

पत्ते मराठीत ठेवणार असाल तर एक सांभाळा. जँगोच्या स्लगिफायला (नावावरून पत्ता बनवणारं फंक्शन) युनिकोड चालू केलं तरी ते काना-मात्रा-वेलांट्या गाळतं, ‘पैठणी’चं ‘पठण’ करून टाकतं, कारण पायथनची रेग्युलर एक्स्प्रेशन त्यांना अक्षरच मानत नाहीत. शिवाय असा पत्ता कॉपी केला की एकेका चिन्हाचे टक्केवाले नऊ-नऊ कॅरेक्टर होतात. मी रोमन लिपीत ठेवते, गूगलची मराठीला हरकत नसली तरी.

रंग, किंमत, क्रम अशा फिल्टरांचे पत्ते वाढत गेले तर कॅनॉनिकल टॅग (यातलं मूळ पान कोणतं ते सांगणारा) लावा. आणि एखादं पान नोइंडेक्स करायचं असेल, म्हणजे त्यावर ‘गूगलमध्ये दाखवू नका’ अशी पाटी लावायची असेल, तर तेच पान रोबोट्समध्ये अडवू नका. बॉट आत आला नाही तर पाटी वाचणार कशी? साइटमॅपमध्ये, म्हणजे गूगलला द्यायच्या पत्त्यांच्या यादीत, एका फाइलला ५०,००० पत्ते चालतात, तुम्हाला पुरतील.

हो, एक राहिलं. तुमची साइट लॉगिनच्या आतली असेल तर यातलं काहीही करू नका. पाच-दहा पानांची असेल तर नुसत्या रिअ‍ॅक्टवरही गूगल ती बहुधा व्यवस्थित घेतं. आणि नेक्स्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही, नव्याने सुरू करताना मी स्वतः ते घेतलंय. लेख आणि लिंक यांनाही किंमत असते, पान आधी वाचता येत असेल तर.

पॅकेजवाल्याला मात्र एवढंच विचारा, की चुकीच्या पत्त्यावर तुमचा सर्व्हर कोणता स्टेटस कोड देतो. त्याने तपासून सांगितलं तर द्या पैसे.