कोल्हापुरात ‘शून्य कार्बन’ घर बांधणं खरंच शक्य आहे का?

तुम्ही लिहिलंय की शिवाजी पेठेतलं आजोबांचं जुनं घर पाडून त्याच जागी बाराशे चौरस फुटांचं दुमजली घर बांधायचंय, आणि एकाने सांगितलंय की गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं की घर शून्य कार्बन झालं. मी वीसेक वर्षं इथेच बांधकामाच्या साइटवर आहे, म्हणून सरळ सांगतो: विजेचं बिल शून्याच्या आसपास येईल. पण शून्य कार्बन म्हणजे घरापायी हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड शून्यावर आणणं, आणि त्यातला मोठा वाटा तुम्ही राहायला जायच्या आधीच हवेत गेलेला असेल.

हिशोब साइटवरच्या ठोकताळ्याने करू. चौरस फुटाला ०.४ पोतं सिमेंट धरलं तर ४८० पोती, म्हणजे २४ टन. सळई चौरस फुटाला ४ किलो धरली तर पावणेपाच टन. सिमेंट करताना चुनखडी भाजली जाते आणि त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टीचं इंधन वेगळं. कोळशाची राख (फ्लाय अ‍ॅश) मिसळलेलं पीपीसी सिमेंट वापरलं तरी टनामागे अर्ध्या टनाहून जास्त निघतो. पोलादाला टनामागे दोन टनांच्या वर. म्हणजे नुसतं सिमेंट आणि सळई मिळून २५ टनांच्या घरात जातं. विटा, वाळू, टाइल्स, ट्रकचं डिझेल अजून धरलेलंच नाही.

आता वीज. महिन्याला १५० युनिट वापरणाऱ्या घराचे वर्षाला १८०० युनिट होतात. आपल्या ग्रिडवर, म्हणजे सरकारी तारांतून येणाऱ्या विजेत, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे वर्षाला सव्वा टन. बांधकामातले २५ टन म्हणजे तुमच्या वीस वर्षांच्या विजेएवढे झाले. कोल्हापूर काही नागपूर नव्हे. इथे रात्री हवा उतरते, एसीवाचून भागतं. त्यामुळे आपल्याकडे कार्बनचा मोठा खर्च बांधतानाचाच.

सोलर जरूर लावा. तीन किलोवॅट दिवसाला सरासरी बारा युनिट देतं, जून ते ऑगस्टमध्ये बरंच कमी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार १७ अंशांच्या आसपास. ही सगळी वीज कामी आली तर वर्षाला तीनेक टन वाचतात, पण ग्रिडच हळूहळू स्वच्छ होत चाललाय, त्यामुळे २५ टन फिटायला कागदावरच्या आठ वर्षांपेक्षा जास्त लागतील. म्हणून आधी ते २५ टन कमी करायचे.

तुमच्याकडे आयती कमाई म्हणजे ते जुनं घर. जोतं काळ्या दगडाचं असेल तर तो दगड पुन्हा जोत्यातच जाऊ द्या. जुन्या मातीत बांधलेली वीट झटकली की मोकळी होते. सिमेंटमधली फुटते, पण सुटत नाही. सागवानी तुळया, खण, चौकटी पुन्हा दारांना, जिन्याला वापरता येतात. मंगलोरी कौलं असतील तर फिलर स्लॅब करा: स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट भार घेत नाही, नुसतं वजन वाढवतं, तिथे सळयांच्या जाळीत कौलं बसवतात. हे मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ड्रॉइंगवरच, सेंट्रिंगवाल्याच्या अंदाजावर नाही. आणि कौलांचा रंग खालून इतका देखणा दिसतो की सिलिंगचा गिलावाही मी लोकांना करू देत नाही.

भिंतींना रॅट ट्रॅप बाँड. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी रुजवलेली वीट रचण्याची पद्धत: वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, मधे पोकळी राहते, पाव हिस्सा विटा वाचतात आणि ऊनही लवकर आत येत नाही. माझी फजिती इथेच झाली. माझ्या स्वतःच्या घराला हे सांगून दोन दिवस बाहेरगावी गेलो. आलो तर आमच्या गवंडीमामांनी अख्खी पश्चिमेची भिंत मसाल्याने गच्च भरलेली. म्हणाले, “सायेब, भित्ताड पोकळ ठेवल्यावर घर टिकंल व्हय?” विटा वाचल्या त्या वाचल्या, सिमेंट दुप्पट गेलं. त्यामुळे पहिल्या दोन थरांना स्वतः उभे राहा. लिंटेलची, म्हणजे दारं-खिडक्यांच्या डोक्यावरची काँक्रीटची पट्टी सगळ्या भिंतींवरून अखंड फिरवायला सांगा, भूकंपाचं कोयना जवळ आहे.

सिमेंट पीपीसी किंवा स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) घ्या. गवंडी राख-मळी नसलेल्या ५३ ग्रेड सिमेंटचा हट्ट धरेल, कारण ते लवकर घट्ट होतं. पीपीसीला वेळ लागतो, पाणी मारायला किमान दहा दिवस द्यावे लागतात; एवढाच फरक.

पेठेत दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याला चिकटलेल्या असतात. ऊन कमी लागतं ही चांगली बाजू, पण मधली खोली दिवसासुद्धा अंधारी. जुन्या घरात चौक असायचा तो उगाच नव्हता. सहा बाय सहाचा का होईना, उघडा ठेवा किंवा जिन्याच्या डोक्यावर जाळीची खिडकी द्या, गरम हवा तिथून निघून जाते. पश्चिमेला छज्जा मोठा ठेवा, पावसाची झड तिकडूनच येते. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त तापते ती गच्ची, कारण मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तिथे पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक करा.

आणि खोल्या कमी करा. पाहुण्यांसाठी म्हणून बांधलेली बेडरूम वर्षातून चार दिवस उघडते, बाकी दिवस तिथे इस्त्रीचे कपडे. दोनशे चौरस फूट कमी झाले तर ८० पोती सिमेंट आणि आठशे किलो सळई वाचते. इतकी सोपी बचत दुसरी नाही.

एक घाई मात्र करू नका. पाडकामवाला बहुतेक ‘लाकूड, दगड माझं, मग पाडायचे पैसे नकोत’ अशी बोली करेल. फुकट वाटतं, पण कामाची जिन्नस तीच असते. आधी तुळया, दगड, कौलं मोजून वहीत उतरवा, इंजिनिअरला दाखवा, मग जेसीबीवाल्याला फोन करा.