कूपन आलं तर शाळा कोण निवडणार?

प्रश्न : सर, मी टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतो, मंडळी विड्या वळतात. धाकटीला येत्या जूनला पहिलीत घालायचंय. एका भाषणात ऐकलं, सरकारनं शाळेला अनुदान देण्याऐवजी पालकाच्या हातात कूपन द्यावं, म्हणजे गरिबाचं पोरही पाहिजे त्या शाळेत जाईल. असं कुठं चालतं का?
– एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : चालतं की. मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञानं १९५५ मध्येच हे मांडलं होतं : पैसा सरकारचा, शाळा कुणाचीही, निवड पालकाची. स्वीडननं १९९२ मध्ये याच वाटेनं खासगी शाळांना सरकारी पैसा दिला. त्याआधी, १९८१ मध्ये, दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाच्या लष्करी राजवटीनं. कूपन ही उदारमतवादाची कल्पना म्हणतात, पण माणसाला हक्क देणारा उदारमतवाद वेगळा, बाजाराला मोकळीक देणारा वेगळा. चिलीत दुसरा आला तेव्हा पहिला तुरुंगात होता.

तिथं पैसा पोरामागं गेला खरा, पण खासगी शाळांना मुलं निवडायची मुभा राहिली, पुढं वरून फी घ्यायचीही. ऐपतवाल्यांची मुलं एकीकडं, उरलेली नगरपालिकेच्या शाळेत. २००६ मध्ये शाळकरी पोरंच रस्त्यावर उतरली. शेवटी २०१५ च्या कायद्यानं ही निवड आणि वरची फी टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरलं.

मी पूर्व भागात मुख्याध्यापक होतो. शाळा ‘नाही’ कशी म्हणते ते जवळून पाहिलंय. आईला आत बोलावून इंग्रजीत दोन प्रश्न. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. ती बिचारी तंबाखूनं पिवळी झालेली बोटं पदराआड धरून गप्प. मग ‘जागा भरल्या हो’. अशा चाचणीला कायद्यानं बंदी आहे, तरीही. कूपन हातात असतं तरी उत्तर हेच मिळालं असतं.

म्हणून मला आपली आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातली, खासगी शाळेत गरिबांच्या मुलांना २५ टक्के जागा राखायची सोय जास्त पटते. फी सरकार भरतं आणि नाव सोडतीत निघतं, शाळेच्या मर्जीवर नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. आपल्या पेठांमध्ये मग शिल्लक काय राहिलं असतं? उच्च न्यायालयानं जुलैमध्ये ती सूट रद्द केली.

तेव्हा कूपनाची वाट बघू नका, अर्ज भरा. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर तहसीलचा दाखला आधीच काढून ठेवा. गणवेश आणि बसचं किती पडेल, ते शाळेत जाऊन विचारा. आणि ऑनलाइन अर्जातल्या नकाशावर घराची खूण स्वतः बघून ठेवा. नेट कॅफेवाला घाईत ती चौकातच टेकवतो आणि पडताळणीत घर ते शाळा अंतर जुळलं नाही की प्रवेश जातो.