कोल्हापूरचे नामवंत खेळाडू कोण? नेमबाजी शिकणाऱ्या मुलीला कुणाचं उदाहरण द्यावं?

यादी लांबवत नाही. कोल्हापूर म्हटलं की खासबाग आणि तालमी सगळ्यांनाच आठवतात, म्हणून कुस्ती बाजूला ठेवतो. क्रिकेटमध्ये भाऊसाहेब निंबाळकर, नाबाद ४४३. तेजस्विनी सावंत, २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनची (पालथं झोपून) जगज्जेती. राही सरनोबत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण. जलतरणात वीरधवल खाडे, फुटबॉलमध्ये अनिकेत जाधव. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून, उभ्याने) कांस्य.

मुलीला सांगायचंच असेल तर स्वप्नीलचं सांगा, आणि नीट सांगा. कारण ‘उभ्याने ९.४ मारला आणि सुवर्ण घालवलं’ हे वाक्य आजही ऐकू येतं. ते साफ चुकीचं आहे.

१ ऑगस्ट २०२४, ऑलिंपिकची नेमबाजी झाली ते शातोरू. अंतिम फेरीत आधी गुडघ्यावर बसून १५ गोळ्या, मग पालथं झोपून १५, मग उभ्याने. गुडघ्यावर त्याचे १५३.३ गुण झाले, क्रमांक सहावा. झोपून १५६.८, एकूण ३१०.१, क्रमांक पाचवा. म्हणजे उभं राहायच्या आधी पदकाच्या रांगेतसुद्धा तो नव्हता. उभ्याच्या पहिल्या दहा गोळ्यांत १०१.५ मारून तो तिसरा आला. इथून पुढे प्रत्येक गोळीला एक जण बाहेर. त्याच्या गोळ्यांना गुण पडले १०.५, ९.४, ९.९, १०.०. एकूण ४५१.४, कांस्य. मागून वर आणलं ते उभ्याच्या फेरीनेच. घालवायला सुवर्ण हातात होतंच कुठे?

आता तो ९.४. या लक्ष्यावर १० चं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्म्या रुंदीचं, आणि ते ५० मीटरवर. एक दशांश गुण म्हणजे गोळी ०.८ मिलिमीटर सरकली. १०.० आणि ९.४ मधला फरक पाच मिलिमीटरही भरत नाही. झेक नेमबाज चौथ्या क्रमांकावर बाद झाला तेव्हा त्याचे ४४०.७ होते आणि स्वप्नीलचे ४४१.४. ०.७ चा फरक, मिलिमीटरमध्ये ५.६. या रायफलची पॉइंट टूटूची गोळी बरोबर तेवढीच जाड असते! एका गोळीच्या जाडीवर पदक ठरलं, आणि लोक ९.४ उगाळत बसतात.

उभ्याने गुण कमी पडतात ते सगळ्यांचेच. झोपून दोन्ही कोपर जमिनीवर टेकलेले असतात, दंडाला स्लिंग, म्हणजे रायफलचा पट्टा, ताणलेली असते, रायफल हाडांवर विसावते. तिथे त्रास निराळा: स्लिंग रक्तवाहिनीवर आवळली गेली तर नाडीच्या ठोक्याबरोबर नळी उडते. गुडघ्यावर बसताना घोट्याखाली ठेवायची उशीसारखी गुंडाळी नीट बसली नाही तर पाय बधिर होतो आणि कंबर हलायला लागते. उभ्याने मात्र स्लिंग वापरायची परवानगीच नाही. ८ किलोपर्यंतची रायफल, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवलेलं, आणि आधाराला फक्त दोन पाय. हातांनी रायफल उचलून धरली की दहाव्या मिनिटाला खांदा थरथरतो. वजन हाडांवरून खाली पावलांत उतरवावं लागतं. ‘नुसतं उभं राहून चाप ओढायचा, त्यात कसली मेहनत’ म्हणणाऱ्यांनी पाण्याने भरलेली छोटी कळशी कोपर कमरेला टेकवून पाच मिनिटं धरून पाहावी.

मुलीची सुरुवात १० मीटर एअर रायफलने होईल. तिथे १० चा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पहिले काही महिने रायफल विकत घेऊ नका, रेंजवरची वापरा. नेमबाजीचं जॅकेट ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून सैल मुळीच घेऊ नका. सैल जॅकेटला घड्या पडतात, पाठीला आधार मिळत नाही आणि मूल कमरेतून वाकून ते भरून काढतं. ती सवय पुढे मोडता मोडत नाही. पोझिशन घेतल्यावर डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडून बघायचं. नेम डावीकडे गेलेला दिसला तर हाताने ओढून आणायचा नाही, मागचं पाऊल थोडं फिरवायचं. हाताने ओढलेला नेम चाप सुटताना परत आपल्या जागी जातो, आणि मग ‘मी तर मधोमध धरलं होतं’ अशी तक्रार सुरू होते. पुढे स्वतःची रायफल आली की छर्रा न घालता नुसता चाप ओढण्याचा सराव रोज अर्धा तास घरी भिंतीसमोरही करता येतो. मुलांना कंटाळा येतो, तरी टाळू नका.

एक राहिलं. कोल्हापूर कोल्हापूर म्हणताना हेही धरा, की स्वप्नील २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, सराव पुण्याला बालेवाडीत झाला, प्रशिक्षक दीपाली देशपांडे आणि नोकरी मध्य रेल्वेची. गाव कांबळवाडीच, पण घडवणारे हात बरेच बाहेरचे. तेव्हा जवळ चांगली रेंज नसेल तर कोल्हापूरचाच हट्ट धरू नका, जिथे प्रशिक्षक रोज तासभर मुलीच्या मागे उभा राहील तिथे तिला घाला.