गाण्यांच्या याद्या करून पोट भरतं का?

प्रश्न : मुलगी संगीत घेऊन बी.ए. झाली. दिवसभर आजोबांच्या जुन्या रेकॉर्डची वही करत बसते आणि आता ग्रंथालयशास्त्र करायचं म्हणते. गाण्यांच्या याद्या करून पोट भरतं का? वहीच्या पानाचा फोटो सोबत जोडलाय.
– एक वडील, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. तो फोटो मी दोनदा बघितला. एका भावगीतापुढे मुलीने 'चित्रपटगीत' लिहून खोडलंय आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, 'गाणं आधीचं, सिनेमात नंतर घेतलं.' पोरीला नजर आहे हो. तालिकीकरणात, म्हणजे ग्रंथालयातल्या वस्तूंच्या नोंदी करण्याच्या कामात, हेच तर बघायचं असतं. सिनेमा ही एक कृती, संगीत ही दुसरी. संगीत त्या सिनेमासाठीच केलेलं, की आधीचं उचललेलं, की सिनेमातली गाणी पुढे रेकॉर्डवर आलेली, हे नोंदीत स्पष्ट लिहावं लागतं.

आपल्या गावातलंच उदाहरण घ्या. 'अयोध्येचा राजा' हा सिनेमा प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये इथे कोल्हापुरात काढला, मराठीत आणि हिंदीतही. गोविंदराव टेंबे त्यात हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांनीच दिलं. म्हणजे एकाच माणसाची सिनेमाशी दोन नाती : नट आणि संगीतकार. मराठी आणि हिंदी चित्रपट एकमेकांना जोडायचे. त्यातलं गाणं एखाद्या रेकॉर्डवर असेल, तर तिच्या नोंदीतून सिनेमापर्यंत पोचता आलं पाहिजे, आणि उलटही. मार्क २१ या, कॉम्प्युटरवर ग्रंथालयाच्या नोंदी करण्याच्या पद्धतीत, व्यक्तीसाठी ७०० आणि शीर्षकासाठी ७३० अशी फील्ड (नोंदीतले ठरावीक रकाने) आहेत. व्यक्तीचं नातं 'ई' उपफील्डात आणि शीर्षकाचं 'आय' उपफील्डात शब्दांत लिहितात. गाण्यांची यादी ५०५ या फील्डमध्ये जाते. तुम्ही जिला यादी म्हणता, तो या कामातला सगळ्यात सोपा भाग!

आता पोटाचं. 'सिनेसंगीताचा तालिकाकार पाहिजे' अशी जाहिरात मी आजवर पाहिलेली नाही. नोकरी ग्रंथपालाचीच मिळणार, आणि कायम जागा सहजी निघत नाहीत. म्हणून बी.लिब.वर थांबू नका, एम.लिब. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा होऊ द्या. शिवाजी विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग आहे, त्यामुळे लगेच घर सोडायची गरज नाही. पुढे पुण्यात १९६४ पासूनचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था तर प्रभातच्याच जुन्या स्टुडिओच्या जागेत आहे. प्रभातनेही १९३३ मध्ये कोल्हापूर सोडून पुणं गाठलं होतं, तेव्हा मुलगी तिकडे गेली तर फार मनाला लावून घेऊ नका.

तोवर 'कोहा' हे फुकट मिळणारं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर तिला घरच्या कॉम्प्युटरवर बसवू द्या. आजोबांच्या वीस रेकॉर्डच्या नोंदी नीट झाल्या, तरी मुलाखतीत उघडून दाखवता येतील. वहीत मला लेबलवरचे नंबर दिसले नाहीत. ते, आणि लेबलाजवळ काळ्या भागात कोरलेला मॅट्रिक्स नंबरही (रेकॉर्डच्या साच्याचा नंबर), आजोबांना सोबत बसवून लिहून घ्यायला सांगा. चष्मा लागेल.