हजार रुपयांत घरच्या घरी गाडीचे ब्रेक कॅलिपर रंगवता येतात का? कोणता रंग घ्यावा? चाक न काढता जमेल का?

येतात. (कॅलिपर म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्हीकडून पॅड दाबून गाडी थांबवणारा चिमटा.) माझं काम नऊशे रुपयांत झालं, पण ते दुसऱ्या वेळी. पहिल्या वेळी मी ते फुकटात करायला गेलो आणि साडेसहा हजाराला पडलो. त्यावरून आमच्या घरात अजून वाद आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

गाडी २०१३ ची डिझेल स्विफ्ट. चाकांवर प्लास्टिकच्या प्लेटा (झाकणं) होत्या तोवर आत काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं. अलॉयची चाकं बसवली आणि त्या चकचकीत काड्यांमागून गंजलेला तांबूस कॅलिपर दिसायला लागला. नवा सदरा आणि खाली फाटकी चप्पल, तसं. (तुमच्या गाडीला अजून प्लेटा असतील तर हे उत्तर इथेच सोडा. जे दिसतच नाही ते रंगवून काय करणार?)

घरात फाटकाला लावून उरलेला लाल ऑईलपेंट अर्धा डबा पडून होता. मेहुणा रविवारी आला होता. तो ट्रॅक्टरच्या शोरूमला कामाला, त्यामुळे गाड्यांतलं शेवटचं वाक्य त्याचंच. म्हणाला, "दाजी, फाटक पण लोखंड, ह्ये पण लोखंड. मारा की." दोघांनी एकेक ब्रश घेतला आणि मारला. दिसत मात्र झकास होतं, हे कबूल.

पुढच्या आठवड्यात सासरची मंडळी घेऊन कासला गेलो. फुलांचे दिवस, पाच माणसं, डिकीत डबे. येताना यवतेश्वरचा घाट उतरताना जळका वास यायला लागला. मला वाटलं पुढच्याचा क्लच असेल. दोन वळणं गेली, पुढचा गेला, वास काही जाईना. सासूबाई म्हणाल्या, "अहो, चाकातनं धूर येतोय." डाव्या चाकातून. गाडी कडेला घेतली. कॅलिपरवरचा लाल रंग तव्यावरच्या पापडासारखा फुगला होता, मधले फोड काळे पडून फुटत होते. मी वाकून बघतोय तेवढ्यात मेहुण्याने लिटरभर पाण्याची बाटली थेट चाकात ओतली. चर्रर्र! वाफेत पाच मिनिटं काही दिसेना.

त्या दिवसापासून साठच्या पुढे ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात थरथरायचं. तापून लाल व्हायच्या बेताला आलेल्या बिडाच्या डिस्कवर गार पाणी ओतलं तर ती वाकडी होते, कधी तडकतेसुद्धा. दोन्ही डिस्क, पॅड, मजुरी मिळून साडेसहा हजार.

आता वाद. मेहुण्याचं म्हणणं, रंगामुळे ब्रेक जाम झाला. माझं म्हणणं सरळ आहे: एकच डबा, एकच दिवस, दोन्ही बाजूंना तोच रंग. मग उजव्या बाजूचा रंग नुसता काळवंडला आणि डावीकडचाच का जळला? कारण डावीकडची पिन जाम होती. आपल्या साध्या गाड्यांत कॅलिपरला एकच पिस्टन असतो आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो. पिन अडकली की पॅड डिस्कला घासत राहतात, पाय काढला तरी. मग ते चाक तापणारच. आणि पिन का अडकली? त्याच्या आधी सहा महिने याच मेहुण्याने "फुकटात सर्व्हिसिंग" म्हणून त्या पिनांना ट्रॅक्टरचं साधं ग्रीस भरलं होतं. साध्या ग्रीसने तिथलं रबर फुगतं. तिथे सिलिकॉनचं ग्रीस लागतं. उजवी बाजू वाचली, कारण तिकडे वळायच्या आत त्याला जेवायला हाक मारली. फुगलेलं रबर मेकॅनिकने काढून माझ्या हातात दिलं, ते मी चुन्याच्या डबीत जपून ठेवलंय. कुणाला बघायचं असेल तर या.

तर तुमचा प्रश्न. रंगाआधी पिना बघा. चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा. थोडं घासल्यासारखं लागलं तर चालेल, पण अडलं किंवा एक बाजू दुसरीपेक्षा जड गेली तर आधी गॅरेज, मग रंग. हे कुठल्याही व्हिडिओत सांगत नाहीत, सगळे टेप कसा चिकटवायचा तेच दाखवत बसतात.

रंग उष्णता सोसणारा स्प्रेच घ्यायचा, बाईकच्या सायलेन्सरला मारतात तो. डब्यावर किती डिग्री लिहिलंय ते वाचा. सिल्व्हर आणि काळ्यात ६०० चा आकडा सहज मिळतो. लाल हवाच असेल तर आकडा नीट बघून घ्या आणि दोन पावसाळ्यांत तो विटकरी होणार हे धरून चाला. मी दुसऱ्या वेळी सिल्व्हर मारला. स्प्रे ४२०, ब्रेक क्लीनर ३५०, तारेचा ब्रश ५०, मास्किंग टेप ४०, पॉलिश पेपर ४०. क्लीनरवर पैसे वाचवू नका. नव्वद टक्के काम घासण्यात आणि पुसण्यात आहे, रंग मारायला दहा मिनिटं लागतात. तेलकट बिडावर देवाने रंग मारला तरी टिकणार नाही.

चाक न काढता? नाही. अलॉयच्या काड्यांतून ब्रश घालून रंगवणारे लोक मी बघितलेत, त्यांची डिस्कही रंगलेली बघितली आहे. चाक काढा, कॅलिपर जागेवरच राहू द्या, स्टिअरिंग पूर्ण वळवा म्हणजे त्याची मागची बाजू समोर येते. डिस्कवर वर्तमानपत्र गुंडाळा. पिनांचे रबरी बूट, पिस्टनचं रबर, ब्लीडचा निपल (ब्रेकमधली हवा काढायचा), ब्रेक ऑईलचा होज पाईप आणि पॅड जिथे सरकतात ती जागा, एवढ्यावर टेप. तीन पातळ हात, मध्ये पंधरा-वीस मिनिटं. असे रंग तापल्याशिवाय पक्के होत नाहीत, त्यामुळे पहिल्या दिवशी प्रेशरने गाडी धुवायला नेऊ नका. पावसाळ्यात हे काम काढूच नका, आम्ही श्रावणात काढलं होतं.

आणि ब्रेम्बोचं स्टिकर लावू नका, हात जोडून सांगतो. ती इटलीची १९६१ पासूनची कंपनी, तिचे ते लाल कॅलिपर ॲल्युमिनियमचे, चार-सहा पिस्टनचे. तुमचा-माझा एक पिस्टनचा बिडाचा. स्टिकर लावून पिस्टन वाढत नाहीत. मेहुण्याने त्याच्या गाडीला लावलंय. तेही मागच्या ड्रमवर, जिथे कॅलिपरच नसतो.

काही गोष्टी राहिल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाखाली हात घालू नका, खाली घोडी (गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड) लावा, बाकीच्या चाकांना दगड. आतली काळी धूळ फुंकू नका, क्लीनरने ओली करून पुसा, तोंडाला मास्क. ब्रेक ऑईल सांडलं तर हा रंगसुद्धा साल निघावी तसा निघतो, लगेच पाण्याने धुवा. काही कारणाने कॅलिपर उघडलाच, तर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, नाहीतर पहिला ब्रेक भिंतीवर लागतो. चाकाचे नट समोरासमोरचे कसत जा आणि पन्नास किलोमीटर चालवल्यावर परत एकदा बघा.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर मेकॅनिकला डाव्या पिनेच्या बुटाच्या कडेला लाल रंगही सापडला होता, वाळून चिकटलेला. त्या बाजूला ब्रश माझ्या हातात होता. पण तेवढ्याने पिन जाम होत नाही, असं मेकॅनिकही म्हणाला. म्हणजे, "सहसा होत नाही" असं म्हणाला. मेहुण्याला हे अजून सांगितलेलं नाही.