तेलकट हातांनी : 1627 ची चक्की आणि नंतरची लाकडं

प्रश्न : इंग्लंडमधल्या पिटस्टोनची जुनी पवनचक्की पाहिली. आतल्या एका लाकडावर 1627 हे साल कोरलेलं आहे. पण बरंचसं लाकूड नंतर घातलेलं. मग तिला 1627 ची म्हणणं ही फसवणूक नाही का? (एक वाचक भगिनी)

उत्तर : ताई, 'फसवणूक' हा शब्द मला जरा झोंबला. माझी सगळी नोकरी यंत्रांचे झिजलेले भाग बदलण्यात गेली. एका गिअरबॉक्सचं तर शेवटी बाहेरचं कवच तेवढं मूळचं उरलं होतं. आम्ही तरी त्याला 'म्हातारा' असंच म्हणायचो, आणि तोही पूर्वीसारखाच आमचं ऐकायचा नाही.

पिटस्टोनची चक्की खांबावरची आहे. म्हणजे आख्खं लाकडी घर, आतले दगड, दाते, पाती सगळं धरून, ओकच्या एका जाड खांबावर तोललेलं. वारा फिरला की मागच्या लांब दांड्याला जोर लावून घरच वाऱ्याकडे वळवायचं. पात्यांचं वजन सगळं एका अंगाला, त्यामुळे अशी घरं वर्षानुवर्षांत पुढे झुकतात. पाती तर ऊन, पाऊस, वीज सगळं अंगावर घेतात. कोणत्याही चक्कीवाल्यानं पहिली पाती जन्मभर पुरतील अशी आशा कधी केली नसेल. ती बदलायचीच असतात, जसे आपण बेअरिंग बदलतो.

आतले लाकडी दाते बघितलेत का? मला सगळ्यात आवडतात ते हेच. दाते चाकाबरोबर अखंड कोरत नसत, एकेक वेगळा घडवून खोबणीत ठोकत. एक तुटला तर तेवढाच काढायचा. पुढे लोखंडी चाकं आली तेव्हाही जोडीतल्या एका चाकाला लाकडी दातेच ठेवत. आवाज कमी, ठिणगी नाही (पिठाची धूळ हवेत असताना ठिणगी म्हणजे स्फोटाला आमंत्रण), आणि काही अडकलंच तर स्वस्तातला दाता मोडतो, महागडं चाक वाचतं. दात्यांची संख्याही हुशारीनं धरत. दोन चाकांच्या संख्यांना सामाईक भाजक ठेवायचा नाही, म्हणजे तोच दाता फेरीगणिक त्याच दात्याला भिडत नाही आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. तुटणार हे गृहीत धरूनच बांधलेलं यंत्र आहे हे. त्याचा तुटका भाग बदलला तर फसवणूक कसली?

या चक्कीची पुढची गोष्टही सांगतो. 1902 च्या वादळात ती एवढी मोडली की दुरुस्ती परवडेना. पडूनच राहिली. 1937 साली ती नॅशनल ट्रस्टकडे (जुन्या वास्तू जपणारी तिथली संस्था) आली, पण खरं काम सुरू झालं 1963 मध्ये, आणि तेही हौशी स्वयंसेवकांनी पदरमोड करून केलं. 1970 मध्ये तिनं पुन्हा धान्य दळलं, 68 वर्षांनी!

मात्र बदलण्याचीही रीत असते. तुळईचं टोक कुजलं म्हणून आख्खी तुळई फेकायची नाही. कुजकं तेवढं कापायचं, त्याच जातीचं लाकूड तिरका सांधा करून जोडायचं, आणि नव्या तुकड्यावर साल कोरायचं. पुढच्याला कळलं पाहिजे की हात कुणाच्या काळात लागला. कुणी सांगावं, 1627 कोरणाऱ्या सुतारानंही दुरुस्तीच केली असेल.

फसवणूक कशाला म्हणायची ते सांगतो. आतली यंत्रं काढून टाकायची, पाती खिळवून ठेवायची आणि बाहेरून झकास रंग द्यायचा, ही फसवणूक. विटांच्या बुरुजासारख्या जुन्या चक्कीला सिमेंट थापायचं, हा तर गुन्हाच. मूळचा चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून धरतं. मग भिंतीत रोवलेली तुळयांची टोकं गुपचूप कुजत जातात आणि बाहेरून सगळं छान दिसतं.

प्रश्न : गणितातला 'ग्रीन थिअरम'वाला ग्रीन पीठ दळायचा, हे खरं का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी)

उत्तर : अगदी खरं. जॉर्ज ग्रीनच्या वडिलांनी 1807 च्या सुमारास नॉटिंगहॅमजवळ स्नेंटनला विटांची पवनचक्की बांधली. पोराची शाळा जेमतेम वर्षभराची. 1828 मध्ये त्यानं वीज आणि चुंबकत्वावरचा निबंध छापला, तो वर्गणीदार जमवून, आणि वर्गणीदार भरले 51. चाळिशीत तो केंब्रिजला शिकायला गेला आणि 1841 साली वारला. चक्की पुढे बंद पडली, 1947 मध्ये आगीत होरपळली आणि 1980 च्या दशकात दुरुस्त होऊन पुन्हा दळू लागली. तुमच्या पुस्तकातलं ते समीकरण सुटेना की एवढं आठवा की लिहिणाऱ्याच्या अंगावर पीठ होतं. (समीकरण त्यानं सुटणार नाही, पण राग थोडा उतरेल.)

प्रश्न : काही चक्क्यांच्या डोक्यामागे (पाती धरणाऱ्या वरच्या फिरत्या टोपामागे) एक छोटं चक्र दिसतं. शोभेचं असतं का? (वाचक)

उत्तर : छे, तो बिनपगारी नोकर. एडमंड ली यानं 1745 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. वारा समोरून असला की ते गप्प. वारा बाजूनं आला की ते फिरतं आणि दात्यांच्या साखळीतून चक्कीचं डोकं हळूहळू वाऱ्याकडे वळवतं. वारा अचानक पाठीमागून आला तर पाती आणि डोकंही उखडू शकतं, म्हणून दुरुस्तीत या चक्राला मी पहिला नंबर देईन.

प्रश्न : आमच्या मंडळाला दुरुस्त केलेल्या एका चक्कीत मदतनीस म्हणून काम मिळालंय. पाहुण्यांसाठी ती रिकामीच चालवून दाखवली तर चालेल? (वाचक)

उत्तर : पाती खुशाल फिरवा, दगड नको. दळताना वरचा दगड खालच्याला टेकत नाही. मध्ये धान्याचा पातळ थर असतो. तो संपला की दगडावर दगड घासतो, टाकी लावून काढलेल्या खाचा बोथट होतात आणि ठिणग्या उडतात. म्हणून तर धान्याच्या खोक्यात चामड्याची एक पट्टी असते. धान्याच्या वजनानं ती दबून राहते. धान्य खाली गेलं की पट्टी सुटते आणि घंटा वाजते. तुमच्या चक्कीत ती पट्टी शाबूत आहे ना, हे आधी बघा. आणि घंटा ऐकू आली की गप्पा सोडून पोतं घेऊन वर पळा.