बहिणीच्या ७ वर्षांच्या मुलाला 'ओडीडी' (सतत चिडणं, वाद घालणं, विरोध करणं असा वर्तनविकार) असल्याचं निदान झालंय. ती पार थकून गेलीये. आम्ही नातेवाईक तिला कसा आधार देऊ?

मी अशाच एका मुलाची आई आहे, म्हणून तिच्या बाजूने सांगते.

आधी 'जरा धाक दाखव' हे म्हणणं बंद करा. ते तिने सगळ्यांकडून ऐकलेलं असणार. नुसत्या हट्टीपणाला डॉक्टर ओडीडी म्हणत नाहीत; चिडचिड, वाद घालणं, मुद्दाम विरोधात जाणं हे किमान ६ महिने सतत दिसावं लागतं. बऱ्याच मुलांना सोबत एडीएचडीही (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असतो.

या वयात उपचारांचा मुख्य भाग म्हणजे पालकांचं प्रशिक्षण. इथेच आईला लागतं, 'म्हणजे चुकलं माझंच?' तसं नसतं. जेराल्ड पॅटरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हे चक्र फार नेमकं मांडलंय. मूल ओरडतं, आई नमतं घेते, ओरडणं थांबतं. ओरडलं की मिळतं हे मुलाला कळतं आणि दिलं की शांतता होते हे आईला. दोघंही नकळत त्यात अडकतात. यातून सुटायला शिकवतात ते असं: चांगलं वागला की तिथल्या तिथे कौतुक, एका वेळी एकच छोटी सूचना, आणि किरकोळ आरडाओरड्याकडे दुर्लक्ष. मारहाणीकडे मात्र नाही.

तुमची खरी गरज पुढे लागेल. दुर्लक्ष सुरू झालं की वागणं बऱ्याचदा आधी आणखी बिघडतं, कारण नेहमीचा उपाय चालेना म्हणून मूल जोर वाढवतं. मोबाइल ठेवून दिल्यावर माझा मुलगा दारावर लाथा मारत होता, मी गप्प बसून होते आणि मागून सासूबाई म्हणत होत्या, "दे गं एकदाचा, लोक काय म्हणतील!" तेव्हा दिला असता, तर इतकं ओरडल्यावर मिळतो हेच तो शिकला असता. माझ्या नणंदेने सासूबाईंना हळूच बाहेर नेलं आणि शेजाऱ्यांना स्वतः जाऊन सांगून आली. तिचे ते उपकार मी विसरणार नाही.

तेव्हा बहिणीच्या घरचे नियम तिलाच विचारा आणि तो तुमच्याकडे आला की तेच पाळा, मामा-मावशीचे लाड म्हणून मोडू नका. भाच्याला भावंड असेल तर त्या भावंडाला अधूनमधून फिरायला न्या. अशा घरात त्याच्या वाट्याला लक्ष फार कमी येतं. आठवड्यातून एखादी दुपार भाच्याला सांभाळा, म्हणजे तिला झोपता येईल. आणि 'मला जगावंसं वाटत नाही' असं ती किंवा तो म्हणाला, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.